सिलोलीच्या वाळवंटात चाकोरी सोडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण अमेरिकेच्या सहलींची वर्णने अलीकडे मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत बोलिव्हियातील उयूनीच्या मिठाच्या मैदानाचे छायाचित्र हटकून असते. त्याच्या दक्षिणेकडील सिलोलीचे वाळवंट मात्र एखाद्या ओळीत उरकलेले असते. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी हा प्रदेश पाहून आले. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते, म्हणून हे पत्र.

अँडीज पर्वताच्या रांगांमध्ये वसलेल्या आल्टिप्लानो या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटरांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर, हे वाळवंट आहे. उन्हाने चेहरा भाजत असतो आणि त्याच वेळी सावलीत बोटे गारठतात. दुपारनंतर वारा असा सुटतो की मोटारीचे दार उघडताना दोन्ही हातांनी धरून ठेवावे लागते. १९७३ साली स्थापन झालेल्या एदुआर्दो आबारोआ अभयारण्यात हा भाग येतो आणि त्या अभयारण्याचा विस्तार सात लाख हेक्टरांहून अधिक आहे.

येथील सर्वांत प्रसिद्ध खडक म्हणजे आर्बोल दे पिएद्रा, अर्थात दगडाचे झाड. सुमारे ७ मीटर उंचीच्या या खडकाचा बुंधा बारीक आणि माथा पसरट आहे. भूगोलाची शिक्षिका म्हणून मी अठ्ठावीस वर्षे फळ्यावर खडूने भूछत्र खडकाची आकृती काढत आले, आणि ती नेहमी दोन्ही बाजूंनी सारखी, छत्रीसारखी नेटकी काढली. प्रत्यक्षातला खडक तसा नाही. तो एका अंगाला अधिक झुकलेला आणि जागोजागी पोखरलेला आहे. वारा वाळूचे कण फार उंच उचलू शकत नाही. बहुतेक कण जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात आणि खडकाच्या खालच्या भागावरच सतत आदळत राहतात, त्यामुळे पायथा झिजतो आणि माथा बराचसा टिकतो. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारले असेल. पण तेथे उभी राहिले तेव्हा वाळू माझ्या पोटऱ्यांना टोचत होती आणि चेहऱ्याला नुसता वारा लागत होता. त्या दिवशी मला तो धडा खऱ्या अर्थाने समजला.

वाऱ्या-वाळूच्या अशा माऱ्याने दीर्घ काळात घडलेल्या या खडकाच्या बुंध्याला हात टेकून, काही जण तर खालच्या दगडांवर चढून, छायाचित्रे काढत होते. दुःख याचे की त्यांत आपली माणसेही होती. आमच्या गाडीच्या चालकाने पुढच्या मुक्कामी लवकर पोहोचण्यासाठी रुळलेला रस्ता सोडून मोकळ्या रानातून गाडी घातली, तेव्हा आमच्यापैकी कोणीच त्याला अडवले नाही. मीही गप्प बसले, आणि ते मला अजून सलते.

वरवर पाहता त्या उजाड जमिनीचे चाकांनी काय बिघडणार, असे वाटते. परंतु वाऱ्याने बारीक माती आणि वाळू कधीच उडवून नेलेली असते आणि मागे राहिलेल्या खड्यांचा एक पातळ थर जमिनीवर फरशीसारखा बसलेला असतो. खालच्या मातीला आधार असतो तो एवढाच. चाकाने ती फरशी एकदा फुटली की वारा उघड्या पडलेल्या मातीला नव्याने लागतो. पाऊस अत्यल्प आणि गवत विरळ असल्यामुळे तो ओरखडा बुजायला मार्ग नसतो. आम्हाला असे जुने चाकांचे माग मैलोन्मैल समांतर गेलेले दिसले. खडकांच्या आडोशाने वाढणारी यारेता ही वनस्पतीही अशीच. कोथिंबिरीच्या कुळातली असूनही ती हिरव्यागार दगडाच्या उशीसारखी दिसते आणि वर्षाला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वाढते. तिच्यावर बसून छायाचित्र काढून घेणारे पाहिले तेव्हा पोटात तुटले.

या घाईचे एक कारण सहलींच्या आखणीत आहे. उयूनीहून निघून तीन दिवसांत वाळवंट, सरोवरे आणि गरम पाण्याचे झरे सगळे दाखवायचे, म्हणून प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे मिळतात. अशा उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असल्यामुळे डोकेदुखी आणि मळमळ सोसत माणसे गाडीतून उतरतात, चार छायाचित्रे काढतात आणि पुन्हा बसतात. वाचकांनी सहल ठरवतानाच शरीराला उंचीची सवय होण्यासाठी वाटेत निदान दोन दिवसांचा मुक्काम मागावा आणि गाडी रुळलेल्या वाटेवरूनच न्यावी, हे आधी बजावून घ्यावे. पुरवणीत या प्रदेशाविषयी लेख छापताना आपणही ही सूचना चौकटीत द्यावी, अशी विनंती आहे.

दगडाच्या झाडाचे छायाचित्र वीस-पंचवीस पावले मागे उभे राहूनच उत्तम येते. बुंधा आणि माथा एकत्र मावतात, आणि मागचे डोंगरही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा