सिमेंट-मातीचे खांब आणि भूकंप

महोदय,

विश्वामित्री नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत सिमेंट कालवून, मातीचेच कडक खांब करून पाया पक्का करणे हा चांगला उपाय आहे. पण बडोदे भूकंप क्षेत्र ३ (मध्यम धोका) मध्ये येते, तेव्हा ‘माती कडक झाली, काळजी मिटली’ असे समजू नये.

सिमेंट-माती दाब सोसते, ताण (ओढ) मात्र त्याच्या जेमतेम दहा-वीस टक्के. शिवाय ती ठिसूळ असते. म्हणून सुटे खांब हादऱ्यात वाकतात आणि मऊ व कडक थरांच्या सीमेवर तडकतात. तेच खांब एकमेकांत गुंतवून जाळीदार भिंती केल्या, तर आतली वाळू कोंडली जाते, तिची घसर कमी होते आणि द्रवीकरणाला (हादऱ्यांनी ओली वाळू पातळ होऊन वाहू लागण्याला) आळा बसतो. जपानमधल्या कोबेत १९९५ सालच्या भूकंपात अशा जाळीवरचे ओरिएंटल हॉटेल शाबूत राहिले. भोवतीची बंदराच्या धक्क्याची भिंत मात्र समुद्राकडे सरकली.

निविदेत नुसते ‘घनमीटरला इतके किलो सिमेंट’ लिहून भागत नाही. चिकणमातीत न मिसळलेले गोळे राहतात. जागेवरची ताकद प्रयोगशाळेतल्या नमुन्याच्या निम्मीच भरू शकते. २८ दिवसांनी पूर्ण खोलीचे कोअर (खांब भोकसून काढलेले दंडगोल नमुने) काढावेत, आणि तुटके तुकडेही नोंदवावेत. चांगले तेवढेच तपासायला धाडायची पद्धत बंद व्हावी.

– दोन भू-तंत्र अभियंते, बडोदे