एल्कच्या शिकारीचा हिशोब

मिनियापोलिस
१७ जानेवारी २०२६

प्रिय संद्या,

तुझा मेसेज वाचला आणि फोनवर बोलण्याऐवजी सविस्तर लिहायचं ठरवलं. फोनवर आपण दोघंही भरकटतो, आणि ऑक्टोबरमध्ये कोलोराडोला एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या जातीच्या हरणाच्या, शिकारीला यायचं तू खरंच मनावर घेतलं असशील तर पैशांचं आणि दिवसांचं गणित आजच कागदावर यायला हवं. हे पत्र जपून ठेव. मधल्या महिन्यांत वारंवार लागेल.

तू विचारलंस, "एकूण खर्च किती?" मी हा हिशोब उलट्या टोकाने मांडतो. समज, घरापासून हजार-बाराशे मैलांवर, साडेनऊ हजार फुटांवर, संध्याकाळी पाच वाजता तुझा नर पडला. आता काय? मोठा नर सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून शुद्ध मांस म्हटलं तरी सत्तर ते नव्वद किलो. गाडी तीन मैलांवर, मध्ये दरी, आणि अंधार पडायला लागलेला. इलिनॉयचं व्हाइटटेल हरीण तू एकट्याने ओढत गाडीपर्यंत आणतोस, तसं इथे काही चालत नाही. जागेवरच तुकडे करायचे, पाठीवर घालून खाली आणायचे, पुन्हा वर जायचं. दोघांत पाच-सहा फेऱ्या होतात, म्हणजे दीड दिवस. या दीड दिवसाची सोय ज्याच्या बजेटमध्ये नाही, त्याने महागडी दुर्बीण घेऊन काही उपयोग नाही. म्हणून माझ्या यादीत मांस खाली आणण्याचा आणि घरी नेण्याचा खर्च सगळ्यात आधी येतो, बाकीचं त्यानंतर.

तो खर्च असा. पाठीवरची फ्रेमवाली मजबूत सॅक, जिच्यात तीस-पस्तीस किलो वजन कमरेवर नीट बसेल. नवी तीनशे-चारशे डॉलरला पडते, पण ती आयुष्यभर टिकते. मांसाला हवा लागावी आणि माशा बसू नयेत म्हणून कापडी गेम बॅग्ज. एका एल्कसाठी एकशेवीस क्वार्टचे दोन कूलर लागतात. दोघांनाही जनावर मिळालं तर चार. माझ्याकडे दोन आहेत, दोन तू शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणायचे. ड्राय आइसला पन्नास-साठ डॉलर. आणि एक रक्कम जी खर्च झाली नाही तर परत आणायची, पण हाताशी हवीच: घोडेवाल्याचे प्रत्येकी पाचशे. जनावर फार आत पडलं तर घोड्यांवरून मांस आणून देणारे लोक मिळतात, पण त्यांची राज्याकडे आउटफिटर म्हणून नोंदणी असावी लागते. अशा दोघा-तिघांशी सप्टेंबरमध्येच बोलून त्यांचे नंबर लिहून ठेवू. डोंगरात रेंज नसते आणि ऐन हंगामात अनोळखी माणसासाठी घोडे मोकळे नसतात.

मांसाच्या बाबतीत कायदाही कडक आहे, आणि तसाच असावा. कोलोराडोत खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे. नुसती शिंगं घेऊन निघून जाणारा माणूस शिकारी नव्हेच. दुसरी गोष्ट, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरणांच्या मेंदूचा हा रोग १९६७ साली कोलोराडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला. त्यामुळे मिनेसोटात बाहेरच्या राज्यातून अख्खं धड आणायला बंदी आहे आणि तुझ्या इलिनॉयमध्येही बंधनं आहेत. आपण सगळं मांस हाडं काढूनच नेऊ, त्याने वजनही वाचतं. डोकं मात्र तिथेच तपासणीला देऊ. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं, नावाची चिठ्ठी लावून ठेवायचं. घरी मुलं खाणार आहेत, इथे घाई नको.

आता लायसन्स. एल्क कोलोराडोत सगळ्यात जास्त आहेत, पावणेतीन लाखांच्या वर. परराज्यातल्या माणसाला नराचं लायसन्स आठशे डॉलरच्या आसपास पडतं, आणि महागाईप्रमाणे ते दरवर्षी थोडं वाढतं. स्थानिकांना त्याच्या काही अंशातच मिळतं. तुला हे अन्यायाचं वाटेल, मलाही सुरुवातीला वाटायचं. पण १९०० च्या आसपास बेसुमार कत्तलीने इथला एल्क जवळजवळ संपला होता. वायोमिंगमधून कळप आणून सोडले, शिकार बंद ठेवली, तेव्हा कुठे तो परत आला. आज त्याची देखभाल बरीचशी आपल्यासारख्यांच्या लायसन्स फीवर चालते. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ते आठशे डॉलर मी तक्रार न करता भरतो.

पूर्वी धनुष्यबाणाचं लायसन्सही परराज्यातल्यांना थेट दुकानात मिळायचं. २०२५ पासून ते सोडतीत गेलं. रायफलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामाचं नराचं लायसन्स थेट मिळण्याची सोय मात्र बऱ्याच युनिट्समध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांत, ठेवली. आपण त्यावरच जाऊ. सोडतीत उतरायचं तर एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत अर्ज, त्याआधी शंभरेक डॉलरचं दुसरं एक लायसन्स घ्यायची अट, मग नंबर लागावा म्हणून वर्षानुवर्षं पॉइंट साठवायचे. पहिल्या खेपेला तो पैसा पेट्रोलात घातलेला बरा. वायोमिंगचंही तू विचारलंस. तिथे वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात परराज्यातल्या माणसाला गाइडशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. न्यू मेक्सिकोत पॉइंटची भानगड नाही, पण गाइडशिवाय येणाऱ्या बाहेरच्यांना सोडतीतले जेमतेम सहा टक्के परवाने. आणि गाइडसह सगळी व्यवस्था घ्यायची तर सहा-आठ हजार डॉलर किंवा त्याहून जास्त. एवढे पैसे असते तरी मी ते दिले नसते. डोंगर स्वतः वाचायला शिकायचं, यासाठीच तर तुला बोलावतोय.

हंगाम दुसरा. तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तिसरा यंदा दिवाळीत येतो. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आणि त्या दिवशी तू घरी नसणं वहिनींना चालणार नाही, मलाही नाही. दुसऱ्यात एक अडचण आहे: कोजागिरी नेमकी पहिल्या शनिवार-रविवारी येते. स्वच्छ चांदण्यात एल्क रात्रभर चरतात आणि उजाडायच्या आत दाट झाडीत शिरून बसतात, असा जुन्या शिकाऱ्यांचा अनुभव, आणि मीही तेच पाहिलंय. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस रिकामे जातील असं धरूनच चल. चौथ्या दिवशी "चल, परत जाऊ" म्हणायचं नाही. त्या डोंगरात यश मुक्कामाच्या दिवसांवर ठरतं. राज्यभरातलं प्रमाण पाचांत एक इतकंच आहे, थेट लायसन्सवाल्यांत आणखी कमी. म्हणून पैसे कमी पडले तर सामानातून काप, दिवसांतून कापू नकोस.

रजेचं असं बघ. बुधवारी पहाटे मी निघेन, तू मंगळवारी रात्री आयोवातल्या डेमॉइनला येऊन थांब. शिकागोकडून आय-८० हायवेने सव्वातीनशे-साडेतीनशे मैल, मला आय-३५ ने अडीचशे. तुझी गाडी माझ्या तिथल्या मित्राच्या दारात ठेवू आणि पुढे माझ्या पिकअपने. नेब्रास्का आडवं संपता संपत नाही, पण रस्ता सरळ आहे. आय-७६ ला लागलं की स्टर्लिंगला मुक्काम, डेन्व्हरपेक्षा स्वस्त. गुरुवारी डेन्व्हर ओलांडून हायवे २८५ ने फेअरप्ले, सवॉच, माँटे व्हिस्टा. सॅन लुइस खोरं बटाट्यांचं, तिथे पोतंभर बटाटे स्वस्तात घेऊ. पुढे साउथ फोर्कला टाकी भरून वुल्फ क्रीक पास, १०,८५७ फूट. तिथे बर्फ कोसळतो तो असा की दोन तासांत रस्ता बंद. चाकांच्या साखळ्या गाडीत हव्यातच, माझ्याकडे आहेत. संध्याकाळी पगोसा स्प्रिंग्ज. शुक्रवारी वर सॅन ह्वान नॅशनल फॉरेस्टमध्ये तंबू. जंगलात चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, त्यामुळे हॉटेलचा खर्च जातानाच्या दोनच रात्री. परतीला सोमवार बर्फासाठी राखून ठेव. म्हणजे एकूण नऊ रजा. साहेबांना फेब्रुवारीतच सांग.

उंची हलक्यात घेऊ नकोस. कळसूबाई ५,४०० फूट. आपला तंबूच जवळपास त्याच्या पावणेदोन पट उंचीवर असेल. स्टर्लिंगची रात्र, पगोसाची रात्र, मग तंबू, असे टप्पे त्यासाठीच ठेवलेत. डोकं दुखलं, उलटी झाली तर लपवायचं नाही, खाली यायचं. आजपासून रोज सॅकमध्ये वजन घालून जिने चढ. नेपरव्हिलमध्ये टेकडी नाही ही सबब मी ऐकणार नाही. राजगडाला संजीवनी माचीवरून पाण्याचे कॅन वर कोण नेत होतं ते मला आठवतं, त्या पायांना नुसती सवय हवी.

रायफल. तुझी स्लगची (एकेक जाड गोळी झाडणारी) शॉटगन या अंतरांना पुरणार नाही. .३०८ किंवा .३०-०६ घे, वापरलेली चालेल, पण दुर्बीण बरी लाव. आणि काडतुसांवर पैसे वाचवू नकोस. उन्हाळाभर बसून, गुडघ्यावर, धापा टाकत नेम धरायचा सराव कर. दोनशे यार्डांवर दर वेळी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात गोळी लागली नाही, तर डोंगरातही त्याहून लांब झाडायची नाही. जखमी होऊन पळालेलं जनावर मला सहन होत नाही. नराच्या एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळावरचं टोक पाच इंच, ही अट तिथे बऱ्याच युनिट्समध्ये असते. मोजता आलं नाही तर बंदुकीच्या चापावरून बोट काढायचं. भगवं किंवा गुलाबी जाकीट आणि टोपी कायद्याने सक्तीची. हंटर सेफ्टीचं तुझं इलिनॉयचं सर्टिफिकेट चालतं, ते शोधून ठेव.

तर माणशी आकडे: लायसन्स आठशे. पेट्रोल आणि दोन रात्रींचं मॉटेल, कॉन्ट्री काढून साडेतीनशे. खाणंपिणं दोनशे, कारण पिठलं, भात आणि तुझ्या आईंच्या शेंगदाण्याच्या चटणीवर आपलं चालतं. खाजगी जमिनीच्या हद्दी दाखवणारा नकाशा आणि सॅटेलाइट मेसेंजर पाऊणशे. ड्राय आइस, बॅग्ज वगैरे शंभर. मांस कापून पॅक करायला खाटकाकडे दिलं तर अडीचशे. माझ्या तळघरात दोघांनी दोन दिवस बसून केलं तर शून्य, आणि मला तेच आवडेल. म्हणजे दीड हजाराचा नक्की खर्च, वर घोडेवाल्याचे आणि अडीअडचणीचे मिळून हजार बाजूला. बूट, सॅक, रायफल हे वेगळं. बूट मार्चमध्ये घे, ऑक्टोबरपर्यंत पायात मुरले पाहिजेत. दर महिन्याला तीनशे बाजूला टाकलेस तर ऑगस्टमध्ये लायसन्स विक्रीला येईल तेव्हा क्रेडिट कार्डाचं कर्ज होणार नाही. हे कर्ज काढून करायचं काम नाही.

एक राहिलं. तू लिहिलंस की आईंना कसं सांगू. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ती योग्यच होती, आणि त्यांच्या मनात शिकार म्हणजे राजेरजवाड्यांची वाघासोबतची फोटोंची हौस. त्यांना खरं ते सांग: इथे किती नर मारायचे ते वन्यजीव खातं मोजून ठरवतं, आणि जे आणू ते वर्षभर घरात खाल्लं जाईल. तरीही त्यांना नको वाटलं तर मी वाईट वाटून घेणार नाही, तू नुसता तंबू सांभाळायला ये.

मला १५ फेब्रुवारीपर्यंत तीन गोष्टी कळव: रजा मिळते का, डेमॉइनची मंगळवारची रात्र जमते का, आणि कूलर किती आणू शकतोस. वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग.

तुझा,
विन्या

ता. क. तुझ्या ऑफिसातला जो मुलगा यायचं म्हणतोय, तो एच-१बी वर आहे ना? अशा व्हिसावर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही; एखाद्या राज्याचं चालू शिकार लायसन्स हातात असेल तर अपवाद आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफलला हात, सरावालासुद्धा. त्यावर इलिनॉयचं एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र, वेगळं. त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. आणि तुझ्या स्वतःच्या एफओआयडीची मुदत कधी संपते तेही आजच बघ.