वनमंत्री महोदय, अंजनेरीला रस्ता नको, पायथ्याशी एक नीट फलक हवा

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. मागच्या महिन्यात आमच्या घरी एका छोट्या भटकंतीचं ठरलं. बाबा ७१ वर्षांचे, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. लेक ९ वर्षांची. सकाळी निघायचं, तास-दीड तास झाडांतून हिंडायचं, कुठेतरी सावलीत डबा खायचा आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं, एवढाच बेत. नाशिकला हे अवघड जाऊ नये. राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, म्हणजे वन्यजीव कायद्याखाली राखलेलं जंगल, आमच्याच बोरगडचं, २००८ सालचं. येवल्याकडे काळविटांसाठी ममदापूर आहे, आणि २०१७ पासून त्र्यंबकजवळचा अंजनेरीचा डोंगरही या यादीत आला.

आदल्या रात्री मी दशम्या लाटत होते आणि बाबा ओट्याजवळ स्टूल ओढून बसले होते. त्यांचे प्रश्न अगदी साधे होते. फाटक किती वाजता उघडतं? चढ सुरुवातीलाच आहे की पुढे? मध्ये टेकायला जागा? पिण्याचं पाणी? पाऊस आला तर परत यायला दुसरी वाट? एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातात फोन, अशी मी तासभर शोधत होते. एक जण सांगतो अर्ध्या तासात होतं, दुसरा सांगतो चार तास धरा. एका नंबरवर तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "जाऊ दे, जाऊन बघू." ज्याचा गुडघा दुखतो त्याला 'जाऊन बघू' म्हणावं लागतं, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

आम्ही ज्या जंगलात गेलो त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या फाटकावरच्या माणसाबद्दल नाही. आम्ही आठला पोहोचलो, फाटक साडेनऊला उघडलं. शेजारी एक फलक होता, गंजलेला, रंगाचे पोपडे गळालेले. 'सक्त मनाई' आणि 'दंड' एवढंच वाचता येत होतं. मनाई कशाला, ते गळून गेलं होतं.

आम्हाला वाट सांगितली ती पाटीत काकड्या घेऊन बसलेल्या एका मावशीने. बाबांच्या हातातली काठी तिने आधी पाहिली, मग आमच्याकडे बघून म्हणाली, "ताई, बाबांला घेऊन वरच्या वाटेनं नका जाऊ. दगडाला शेवाळ धरलंय. ओहळाच्या कडेकडेनं जा, पुढं दोन जांभळी लागतील, तिथवर सावली हाय." आम्ही तसेच गेलो आणि सकाळ सोन्यासारखी गेली. वाटेत एका सादड्याच्या खोडावर बाबांनी नातीचा हात ठेवला. भेगाळलेली साल, सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची. ती म्हणाली, "आजोबा, हे झाड गरम आहे." बराच वेळ दोघं तिथून हलले नाहीत.

महोदय, त्या मावशीला जे माहीत होतं ते फलकावर का नसावं? आणि ते सांगण्याचे चार पैसे तिच्या घरात का जाऊ नयेत?

जंगलात लोक यावेत असं म्हटलं की आपल्याकडे लगेच काँक्रीट आठवतं. अंजनेरीचंच बघा. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविकांची तिथे मोठी श्रद्धा आहे, माझ्या आईचीही होती. मुळेगावकडून वर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींना विरोधाला उभं राहावं लागलं. पुढे अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा विषय निघाला. अंजनेरीचं राखीव क्षेत्र सगळं मिळून ५.६९ चौरस किलोमीटर. त्याच्या कड्यांवर गिधाडं राहतात. पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प उगवतं, ज्याची जगाला ओळख २००६ साली झाली आणि ज्याच्या नावातच हा डोंगर आहे. इवलंसं रोपटं, गवतात मिसळून गेलेलं. पाऊलवाट सोडून कोणी चार पावलं आत टाकली तरी ते चिरडतं, आणि चिरडणाऱ्याला कळतही नाही.

कंदीलपुष्पं फुलतात पावसाळ्यात. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्र्यंबकला आलेला भाविक हाकेच्या अंतरावरच्या अंजनेरीला जाणारच, त्याला अडवूही नये. पण तो नेमका फुलांच्या दिवसांत पठारावर पोहोचेल. त्याला वाट कुठे संपते, कुठे बसायचं, कुठे पाय ठेवायचा नाही, हे पायथ्यालाच मराठीत आणि हिंदीत कळायला हवं. हे काम आत्ताच हाती घ्यावं लागेल.

माहिती नसण्याची किंमत माणसांनीही मोजली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडीच्या धबधब्यावर अचानक पाणी वाढलं आणि पर्यटक अडकून पडले. नाशकात रिमझिम असते तेव्हा त्र्यंबकच्या डोंगरांवर धो-धो कोसळत असतं, हे इथल्या माणसाला ठाऊक असतं. मुंबईहून गाडी काढून आलेल्याला ते कोणी सांगायचं?

म्हणून मागणं अगदी लहान आहे. प्रत्येक राखीव क्षेत्राच्या पायथ्याशी एक फलक लावा आणि तीच माहिती फोनवरही मिळू द्या: फाटकाची वेळ, शुल्क, अंतर, चढ कुठे आहे, पाणी कुठे आहे, आज कोणती वाट बंद आहे आणि का. 'का' हे जरूर लिहा. गिधाडांची वीण चालू आहे म्हणून ही वाट बंद, असं वाचलं तर माझी ९ वर्षांची मुलगीसुद्धा मागे फिरेल. नुसतं 'सक्त मनाई' वाचून लोक तारेखालून घुसतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

प्रत्येक ठिकाणी एक तरी तासाभराची सपाट, सावलीची वाट म्हातारी माणसं आणि मुलांसाठी राखा. फरशी नको, रेलिंग नको, सेल्फी पॉइंट तर नकोच. झाडावर बाणाची खूण आणि मध्ये बसायला दोन दगड पुरेत. वाट दाखवायला गावातलीच पोरं-पोरी नेमा. संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत गावच्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावा, ही तरतूद वन्यजीव कायद्यात आधीपासून आहे. त्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगा.

बाबा कार्तिकात पुन्हा निघायचं म्हणताहेत, या वेळी अंजनेरीला, जमेल तिथपर्यंत. काठीला नवं रबरी बूच बसवून आणलंय. त्याआधी फाटकाची वेळ आणि पहिला चढ कुठे लागतो, एवढं मला त्यांना खात्रीने सांगता यावं.

आपली नम्र,
एक नाशिककर