नरक्याच्या बातमीत हे पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

नरक्या या जंगली झाडाचं लाकूड भरलेला टेम्पो पकडला की पेपरात बातमी येते, इतक्या लाखांचा मुद्देमाल, इतके जण ताब्यात आणि शेवटी ठरलेली ओळ की हे झाड कॅन्सरवर रामबाण आहे. मी लॅबमध्ये एलसी-एमएसवर (सॅम्पलमधले घटक वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं मशीन) वनस्पतींचे सॅम्पल रन करतो, त्यामुळे ही ओळ वाचली की डोकंच फिरतं.

अहो, नरक्यात कॅम्पटोथेसिन नावाचं कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं आणि तेही वाळलेल्या लाकडात साधारण ०.१ ते ०.३ टक्के, म्हणजे किलोमागे १ ते ३ ग्रॅम, बाकी सगळं सरपण. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून वेगळं काढलं (वाणी आपल्या नंदुरबारचे, हे मात्र कुणी छापत नाही), मग ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं. पण १९७० च्या दशकात पेशंटवर ट्रायल झाल्या तेव्हा उलट्या-जुलाब, लघवीतून रक्त असले प्रकार झाले आणि त्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन बनवली, त्यांना अमेरिकेत १९९६ ला परवानगी मिळाली, औषध ते. सालीचा काढा नव्हे.

आता मशीनचं सांगतो. सालीची भुकटी मिथेनॉलमध्ये घालायची, सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी हलवणारं यंत्र) लावायची, गाळून व्हायलमध्ये म्हणजे छोट्या बाटलीत भरायची, बस. मशीनमधून वाहणाऱ्या पाण्यात थोडं फॉर्मिक अ‍ॅसिड ठेवतो, नाहीतर कॅम्पटोथेसिनच्या रेणूची एक रिंग उघडते आणि पीकची (आलेखावरच्या उंचवट्याची) वाट लागते. कॉलम म्हणजे मशीनमधल्या भरलेल्या नळीतून एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर येतो आणि मास स्पेक त्याचं वजन सांगतो. ३४९ ला पीक आलं आणि तो रेणू तोडल्यावर ३०५ चा तुकडा मिळाला की हाच तो कॅम्पटोथेसिन, ३७९ ला दिसतो तो त्याचा मेथॉक्सीवाला चुलतभाऊ. एकाच उतारावरच्या दोन झाडांचे पीक शेजारी ठेवले तर एक डोंगराएवढा आणि दुसरा टेकाडसुद्धा नाही असं होतं, आणि हे कळायला चिमूटभर साल पुरते!! तोडणारे मात्र दिसेल ते झाड बुडातून कापतात, मुळंसुद्धा उकरतात.

म्हणून म्हणतो, वनखात्याने जप्त मालाचं थोडं थोडं सॅम्पल जवळच्या विद्यापीठाच्या लॅबला द्यावं आणि जंगलात ज्या झाडांत कॅम्पटोथेसिनचं प्रमाण चांगलं आहे ती टेस्ट करून, नंबर टाकून त्यांच्याच बियांची रोपं नर्सरीत करावीत. खर्च सॉल्व्हंटचा आणि मशीनच्या वेळेचा, तोही काही फार नाही.

आणि तुम्ही बातमीत भाव छापण्याऐवजी "साल उकळून पिऊ नका" एवढं तरी टाका.

– एक वाचक, सातारा