शेवटच्या परिच्छेदात उरकलेली दोन कामं

मा. संपादक,

महोदय,

विनोदी नटांच्या कारकिर्दीवरील लेखांत त्यांचं शिकवणं आणि दिग्दर्शन शेवटी दोन ओळींत उरकलं जातं, जणू कामं कमी झाल्यावरचा विरंगुळा. अमेरिकेचे डेल क्लोज आधी नट होते, मग शिकागोच्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेत दिग्दर्शक झाले. पण प्रेक्षकाच्या एका शब्दावरून तीन प्रवेश उभे करून त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळणारा ‘हॅरॉल्ड’ हा संहितेशिवायचा, उत्स्फूर्त नाट्यप्रकार आज जगभर खेळला जातो, तो त्यांच्या वर्गांमुळे.

चांगला नट शिकवताना आपटतो तो बहुधा करून दाखवण्याच्या सवयीमुळे. वाक्य अडलं की तो स्वतः म्हणून दाखवतो, वर्ग हसतो, विद्यार्थी तो सूर उचलतो आणि प्रयोगात तो त्याच्या तोंडी उपरा वाटतो. त्यापेक्षा आधी वाक्य तपासावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हशाचा शब्द मधेच सांडतो. ‘त्याने बायकोच्या वाढदिवसाला कुकरची शिट्टी आणली’ यापेक्षा ‘बायकोच्या वाढदिवसाला त्याने आणलं काय, तर कुकरची शिट्टी’ हे हशा घेतं. शिट्टीनंतर बोलायला काही उरत नाही.

पुढचं वाक्य कधी उचलायचं, हेही शिकवावं लागतं. हशा शिगेला जाऊन उतरू लागला, पण विरला नाही, ती जागा. आधी उचललं तर वाक्य बुडतं, आणि असं दोन-तीनदा झालं की प्रेक्षक ऐकू यावं म्हणून हसणंच आवरतात. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर प्रयोग रेंगाळतो. रिकाम्या हॉलमध्ये याची तालीम होत नाही. शेवटच्या आठवड्यात दहा-पंधरा माणसं बोलवावीत, तीही अनोळखी. ओळखीची माणसं वाक्याला नाही, नटाला हसतात.

स्वतःच भूमिका करणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्या जागी डमी उभा करून निदान दोन सलग तालमी मागच्या रांगेतून पाहाव्यात. पंच, म्हणजे हशाचं वाक्य, पडताना पाठीमागे उभा दुसरा नट खिशातून रुमाल काढतोय आणि नजरा तिकडे गेल्याने हशा मेला, हे रंगमंचावरून दिसतच नाही. मग विनाकारण पंच बदलला जातो.

सर्वांत अवघड काम कात्रीचं. लागोपाठच्या दोन हशांतला पहिला किरकोळ असेल तर तो दुसऱ्याला खातो, म्हणून कापावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा दिग्दर्शकाचा स्वतःचाच लाडका असतो. आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या मुलाखतीत ‘कोणता हशा कापलात?’ एवढं जरूर विचारावं.

आपला,
एक नाट्यप्रशिक्षक