"पोरी, ह्या बैलानं कधी जू पाह्यलं का?"

काकाजी,

नमस्कार. हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण चूकही सगळ्यांदेखत झाली. माझ्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला शाल-नारळाची यादी मीच वाचली. खुर्च्या देणाऱ्यांपासून चहा पाजणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली आणि तुमचं राहिलं. तुम्ही तेव्हा शाळेच्या फाटकाशी बैलांना कुटार टाकत होता. नातवाकडून हे वाचून घ्या, तो मोबाईलवर दिवसभर काही ना काही वाचतच असतो.

गावाला वाटतं, आभार बैलबंडीचे. ते तर आहेतच. आषाढातला पाऊस, नाल्याजवळ टेम्पो काळ्या मातीत रुतलेला, चाक फिरेल तसतसा आणखी खाली चाललेला, आणि आत माझी बावीस चित्रं. ड्रायव्हर म्हणाला, उद्या बघू. तुम्ही काही न बोलता बंडी जुंपून आणलीत. खाली कुटार पसरलं, चित्रं उभी लावली, दोन चित्रांमध्ये एकेक पोतं, वर बैलांची जुनी झूल आणि त्यावर ताडपत्री. दोन खेपा झाल्या. एकाही काचेला तडा नाही.

पण तुमचं खरं देणं त्याच्याही आधीचं, मागच्या पोळ्याचं. आदल्या दिवशी मी अंगणात पोळ्याचं चित्र रंगवत बसले होते. पांढराशुभ्र बैल, शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठिपके. फार जमलंय असं मला वाटत होतं. तुम्ही वावरातून येता येता थांबलात, बराच वेळ पाहिलंत आणि विचारलंत, "पोरी, ह्या बैलानं कधी जू पाह्यलं का?"

मला राग आला होता, आता सांगते. पाच वर्षं चित्रकला शिकून आल्यावर असं कोणी विचारावं! बैल मी फोटोवरून काढला होता. फोटोतला तो बहुतेक वळू असावा, त्याला जू कशाला ठाऊक असणार.

संध्याकाळी खांदशेकणीला तुम्हीच बोलावलंत. वाटीत कोमट तूप नि हळद, हातात पळसाचं पान. माझा हात धरून तुम्ही पांढऱ्याच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे ठेवलात. तिथे केसच नव्हते. कातडं जाड, पळसाच्या सालीसारखं खरबरीत, मधोमध एक घडी पडलेली. तूप लागलं तसे त्यानं डोळे अर्धे मिटले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या," तुम्ही त्याच्या कानाशी म्हणालात, अगदी सोयऱ्याला म्हणावं तसं.

त्यानंतर सगळंच पुन्हा काढावं लागलं. बैलच नाही, महदाइसेच्या धवळ्यांवरून काढलेली रुक्मिणीसुद्धा. महदाइसा ही महानुभाव पंथाची कवयित्री, आणि तिचे धवळे म्हणजे १३व्या शतकात आपल्या रिद्धपुरात पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्तानं रचलेली लग्नाची गाणी. त्यांतली नवरी म्हणजे ही कृष्णाची रुक्मिणी, कौंडिण्यपूरची, आपल्या वर्धा नदीच्या काठची. तिला मी कॅलेंडरातल्या देवीसारखे गुळगुळीत हात दिले होते. तुमचं ऐकल्यावर ते हात बघवेनात. काकूंचे पाहून नवे काढले, कापूस वेचून वेचून ओरखडलेले. राजकन्येचे हात असे असतात का, असं एका पाहुण्यांनी विचारलं. असो.

काकूंचं आणखी एक देणं आहे. फागुनात वेचून वाळवून ठेवलेली पळसाची फुलं त्यांनी टोपलीभर दिली. उकळली की पिवळा रंग, चिमूटभर चुना टाकला की केशरी. हा रंग उजेडात उडतो हे मला पहिली चार चित्रं खिडकीजवळ ठेवल्यावर कळलं. ती आता जवळजवळ कोरी आहेत. म्हणून बाकीची वर्गाच्या अंधाऱ्या भिंतीवर लावली आणि "नीट दिसत नाही" ही तक्रार तीन दिवस ऐकून घेतली. त्यातलंच एक चित्र मेढ्यांचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, उचलून शिवेकडे धावणारी पोरं. शाळेतली पोरं त्या चित्रापुढे आली आणि "घेऊन जा गे मारबत", म्हणजे इडापिडा घेऊन जा, असं जोरात ओरडायला लागली. गुरुजींनी दटावलं. मी म्हटलं, ओरडू द्या.

तुम्ही आलात ते शेवटच्या दिवशी, सगळे गेल्यावर. चपला बाहेर काढल्या. रुक्मिणीपुढे थांबला नाहीत, पोळ्यापुढेही नाही. कोपऱ्यात एक लहान चित्र होतं, नुसता खांदा, ना शिंग ना झूल. त्याच्यापुढे उभे राहिलात आणि चित्राला न शिवता, हवेतच त्या घडीवरून बोट फिरवलंत. "डाव्या अंगाचा हाये," एवढंच बोललात.

पांढऱ्याला तुम्ही डावीकडेच जुंपता. ते चित्र त्याचं आहे, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

घेऊन जा म्हटलं तर, "भिंत ओली हाये, खराब होईन." बरं. माझ्याकडे ठेवते, पण तुमचं म्हणून.

झूल तीनदा धुतली. रुक्मिणीच्या लुगड्याचा रंग ओला होता, त्याचा निळा डाग लागलाय, तो काही निघत नाही. पोळ्याच्या आधी आणून देते. बैलांचा बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, पोळ्याच्या दिवशी, आमच्या दारात.

तुमची,
शाळेमागच्या घरातली, चित्रं काढणारी पोरगी