जाड कादंबरी अर्ध्यावर सुटते तेव्हा

संपादक महोदय,

जाडजूड कादंबरी अर्ध्यावर सुटली की आपण लेखकाला, नाहीतर स्वतःच्या धीराला बोल लावतो. चूक बहुधा सुरुवातीलाच झालेली असते. पहिली ४०-५० पानं रोज झोपताना चार-चार अशी वाचली, तर नाती, ठिकाणं, निवेदकाचा आवाज काहीच मनात ठरत नाही. ती एका बैठकीत वाचावीत. दीड तास पुरतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रत्येक नवं नाव, नातं आणि पान क्रमांक टिपावा. तोच कागद खूण म्हणून ठेवावा. थांबायचं ते प्रसंगाच्या मध्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुस्तक आपसूक हातात येतं.

वर्णनं मात्र गाळू नयेत, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. दुसऱ्या प्रकरणात कोपऱ्यात टेकवलेली काठी अडीचशे पानांनंतर कुणाच्या तरी हातात येते. ती ज्याने पाहिलीच नाही, त्याला तो प्रसंग ओढूनताणून आणलेला वाटतो. आणि प्रस्तावना शेवटी वाचावी. पुष्कळ प्रस्तावना शेवट आधीच सांगून मोकळ्या होतात.

– एक वाचक